छप्पर मालकाचं, रस्ता सरकारचा

वेरूळ-खुलताबादच्या रस्त्यावर, पैठणला, तुळजापूर-अंबाजोगाईच्या आसपास, बीड-लातूरकडच्या शेतांमध्ये गेल्या काही वर्षांत चार-सहा-आठ खोल्यांचे निवास उभे राहिले आहेत. कुणी शेतातच खोल्या काढल्या, कुणी जुन्या वाड्याचा अर्धा भाग पाहुण्यांना दिला, कुणी हुरड्याच्या दिवसांपुरतं सुरू केलेलं आता बारमाही चालवतो. आमच्या घरच्याही सहा खोल्या आहेत, त्यामुळे हे सगळं मी रोज पाहतो. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ‘पर्यावरणपूरक’ अशी पाटी लागली आहे. आत गेलं की टॉवेल परत वापरण्याची विनंती असते, कागदी स्ट्रॉ असतो आणि निघताना पाहुण्याच्या हस्ते एक रोपटं लावून घेतलं जातं. यात वाईट काही नाही. पण अशा निवासाचा कार्बन या गोष्टींतून जवळजवळ निघतच नाही. तो निघतो मालकाच्या छपराखाली आणि पाहुणा ज्या रस्त्याने येतो त्या रस्त्यावर. छप्पर सुधारणं मालकाच्या हातात आहे, रस्ता सरकारच्या. दोघांनीही आपापलं काम सोडून पाटीवर समाधान मानलं, तर ही सगळी चर्चा फुकट आहे.

हे मत हिशेबावर उभं आहे, म्हणून आधी हिशेब मांडतो. आपल्याकडे ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बहुतांश वीज अजून कोळशाचीच आहे. उन्हाळ्यात दीड टनाचा एसी रात्रभर चालला की दहाएक युनिटं जातात, म्हणजे सात किलो. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर जळून संपला की ५७ किलोच्या आसपास. टॉवेल-चादरींची मशीनमधली एक फेरी फार तर युनिटभर. आता पुण्याहून कारने येणारं कुटुंब घ्या. जाऊन-येऊन पावणेपाचशे किलोमीटर, लिटरला पंधराचं ॲव्हरेज धरलं तर एकतीस-बत्तीस लिटर पेट्रोल, आणि लिटरमागे २.३ किलोच्या हिशेबाने सत्तर किलोच्या वर कार्बन. दहा रात्रींच्या एसीइतका कार्बन ते कुटुंब येण्याजाण्यातच सोडतं, आणि राहतं एकच रात्र.

हे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की कशावर वेळ आणि पैसा घालवायचा हे आपोआप ठरतं. सगळ्यात आधी छप्पर.

मे महिन्यात आमच्या भागात वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री अकराला स्टुलावर उभं राहून छताला हात लावून बघा. स्लॅब अजून तापलेला असतो. दिवसभर शोषलेली उष्णता तो मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो आणि एसी त्या स्लॅबशी झगडत असतो. पाहुणा रिमोटवर १८ करतो, कारण २४ वर त्याला खरंच गार वाटत नाही. खोलीतली हवा गार होते, पण डोक्यावरचं छत भाजतच राहतं. एक अंश तापमान वाढवलं तर सहाएक टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो आणि २०२० पासून नवे खोली-एसी सुरू करताच आपोआप २४ वर लागतील असे ठेवून दिले जातात. नियम चांगला आहे. पण तापलेल्या स्लॅबखाली झोपलेल्या माणसाला २४ चा उपदेश करणं मला अन्यायाचं वाटतं. आधी छत गार करा, मग पाहुण्याला सांगा.

आपल्या लोकांना हे माहीत होतं. मराठवाड्यातली माळवदाची घरं म्हणजे उन्हावरचा उतारा होता. जाड दगड-मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर फळ्या आणि त्यावर फूट-दीड फूट, कुठे त्याहूनही जाड मातीचा थर. दुपारची उष्णता त्या थरातून आत पोचायच्या आधी संध्याकाळ व्हायची. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं याच माळवदांखाली गाडली गेली. त्या भिंतींमध्ये आतल्या आणि बाहेरच्या दगडांना सांधणारे आरपार दगड नव्हते, मधे नुसता मातीचा भराव होता. जमीन हलली तशा भिंती फुटल्या आणि टनावारी माती खाली आली. त्यानंतर लोकांनी माळवदाचा धसका घेतला, स्लॅब आणि पत्रे आले. ज्या घरांनी ती रात्र पाहिली, त्यांना ‘पुन्हा मातीची घरं बांधा’ असं शहरातून येऊन कुणी सांगू नये. पारंपरिक बांधकामाचे गोडवे गाताना किल्लारी विसरणारे लेख वाचले की मला राग येतो.

पण माळवदाचं काम त्याच्या वजनाशिवाय करून घेता येतं. गच्चीवर उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याचे दोन-तीन हात मारायचे, त्यात धरून राहायला थोडं फेविकॉल मिसळायचं. पांढरं छत ऊन परतवतं आणि त्याच संध्याकाळी खोलीत फरक कळतो. काही हजारांत मजुरीसकट होणारं काम आहे, दरवर्षी पुन्हा करावं लागतं इतकंच. जरा जास्त पैसे असतील तर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करून घ्यावं, ते वर्षानुवर्षं टिकतं. बांबूच्या मांडवावर शेडनेट ताणलं तर स्लॅबवर सावलीच पडते, आणि शेडनेट आपल्याकडे तालुक्याच्या कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं. सौर पॅनेल बसवले तर त्यांचीही सावली होते, हा त्यांचा दुसरा फायदा कुणी मोजत नाही. पश्चिमेच्या भिंतीला वेल, खिडकीला बाहेरून पडदा, नुसता आतून नव्हे, कारण ऊन काचेच्या आत आलं की आलंच. आणि नवीन खोल्या बांधायच्या आधी जुन्या वापरता येतात का ते बघावं. सिमेंट आणि भाजलेली वीट यांच्यात खोली उघडायच्या आधीच मोठा कार्बन खर्ची पडलेला असतो. पैठण-अंबाजोगाईसारख्या गावांतले रिकामे वाडे अभियंत्याकडून नीट तपासून, भूकंपात फुटू नयेत म्हणून भिंतींना पट्टे बांधून पाहुण्यांसाठी उघडले, तर ते दहा नव्या कॉटेजपेक्षा जास्त शहाणपणाचं आहे.

छत गार झालं की एसीऐवजी कूलर चालतो का, हा प्रश्न येतो. आमच्याकडचा एप्रिल-मे कोरडा असतो, त्यामुळे कूलर उत्तम चालतो आणि एसीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याने वीज घेतो. अडचण पाण्याची. मोठा कूलर रात्रीतून साठ-सत्तर लिटर पाणी सहज पितो आणि टँकरवर जगणाऱ्या गावात ते डोळ्यांवर येतं. म्हणून लोक म्हणतात, एसी बरा, त्याला पाणी लागत नाही. एसीलाही पाणी लागतं, फक्त ते आपल्या अंगणात लागत नाही. औष्णिक वीज केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरायची मुभा २०१५ च्या नियमांनी दिली आहे. म्हणजे रात्रीच्या दहा युनिटांमागे तीस-पस्तीस लिटर पाणी कुठल्या तरी केंद्रात वाफ होऊन जातं. परळीचं केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, हे आपण मराठवाड्यातल्या लोकांनी तरी विसरायला नको. वीज आणि पाणी इथे एकाच धरणातून येतात. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवलेलं असेल, तर कूलरची चिंता बरीच हलकी होते. हजार चौरस फुटांच्या छतावर, मराठवाड्याच्या ६८० मिलिमीटरच्या आसपासच्या सरासरी पावसात, गळती-सांड वजा जाता पन्नास हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे पाच टँकर. वीस किलोमीटरवरून येणारा एक टँकर जाता-येता दहाएक लिटर डिझेल जाळतो, म्हणजे २७ किलो कार्बन, आणि मालकाचे पैसे वेगळेच. पांढरा केलेला स्वच्छ उतार हाच पाणी गोळा करायला चांगला असतो, त्यामुळे दोन्ही कामं एकमेकांना धरून होतात.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. एसीतला गॅस. एसी नीट गार करत नाही म्हटलं की मेकॅनिक येतो, गेज लावतो आणि म्हणतो, “भाऊ, गॅस कमी झालाय, टॉपअप मारतो.” अर्ध्या तासात काम होतं, मालक पैसे देतो, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. पण गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळीत फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ एवढाच की कुठून तरी गळतोय. बहुतेकदा बाहेरच्या युनिटला नळ्या जोडतात तिथल्या पितळी नटांपाशी. हवेत गेलेला एक किलो आर-४१०ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. म्हणजे त्या एसीच्या तीनशे रात्रींच्या विजेइतका कार्बन एका गळक्या नटातून निघून जातो. नवे एसी आर-३२ वर चालतात, त्याचा आकडा ६७५ आहे, आणि आर-२९० म्हणजे प्रोपेनचा तर तीनच्या आसपास. नवीन घेताना मागे लावलेल्या पट्टीवर हे नाव वाचावं. जुना असेल तर मेकॅनिकला आधी साबणाच्या पाण्याने किंवा नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधायला लावावं, ती बंद झाल्याशिवाय गॅस भरू देऊ नये, आणि एसी हलवताना गॅस हवेत सोडून द्यायचा नाही हे बजावून सांगावं. मेकॅनिकला दोष देऊन उपयोग नाही, त्याला हे कुणी शिकवलेलंच नसतं. देशाचा शीतकरण कृती आराखडा २०१९ मध्ये आला, त्यात या कारागिरांच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. तो प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयपर्यंत पोचला, तर शंभर पाट्यांपेक्षा जास्त काम होईल.

गरम पाण्यासाठी सौर बंब घ्यावा हे सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे, शंभर लिटरचा बंब वर्षाकाठी हजार-दीड हजार युनिटं वाचवतो. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी त्याच्या नळ्या चोंदतात, हे मात्र विकणारा सांगत नाही. आमच्याकडच्या जड पाण्याला पावसाचं पाणी किंवा बोअरचं पाणी तापणाऱ्या नळ्यांत जाऊ न देणारी, उष्णता-विनिमयाची वेगळी टाकी असलेला बंबच लागतो. शेतातल्या निवासाला तर अंगणातला तांब्याचा बंबही चालतो. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या नाही तरी बांधावर पेटवून दिल्या जातात. त्याच वाळवून बंबात घातल्या तर गिझरची वीज वाचते, आणि शहरातल्या मुलांना ते पाणी तापताना बघायला आवडतं.

स्वयंपाकघराबद्दल थोडंसंच. चार-पाच जनावरं असतील तर दोन घनमीटरचा गोबरगॅस महिन्याला घरगुती पावणेदोन सिलिंडरांचं काम करतो. पण त्याला रोज पन्नास किलो शेणाबरोबर तितकंच पाणी लागतं, आणि दुष्काळात गावोगावचे गोबरगॅस याच पाण्यावाचून बंद पडले. शिवाय त्यातून गळणारा मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट घातक, तेव्हा गळका गोबरगॅस नसलेलाच बरा. ताटात मात्र मराठवाडा आधीच पुढे आहे. भाताच्या तुंबलेल्या खाचरांतून मिथेन निघतो, ज्वारीच्या कोरडवाहू रानातून तसा निघत नाही, आणि तिचा कडबा जनावरांना जातो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तुरीचं वरण, हुरड्याच्या दिवसांत आगटीवरचा हुरडा, हे जेवण पाहुण्याला अभिमानाने वाढावं. दिल्लीकडच्या पनीरच्या भाजीसाठी फ्रीझर चालू ठेवायची गरज नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो मला गंभीर वाटतो. भारताचं दरडोई उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं तर त्याहूनही खाली. मग ज्यांनी जग तापवलं त्यांना सोडून सहा खोल्यांच्या मालकाच्या मागे का लागता? शेतकऱ्याच्या बाबतीत हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण पर्यटन हा शेतकऱ्याचा कार्बन नाही, तो पाहुण्याचा आहे. मुंबई-पुण्याहून गाडी काढून, रात्रभर एसी लावून राहणारा माणूस आपल्या जिल्ह्यात येऊन जो कार्बन सोडतो, तो त्याच्या सुखासाठी सोडतो. तो कमी करायला सांगणं म्हणजे गरिबावर बोजा टाकणं नव्हे. आणि मालकाच्या बाजूने पाहिलं तर छपराचा चुना, गळती बंद केलेला एसी, पावसाचं पाणी ही तिन्ही कामं कार्बनचं नाव न घेताही करण्यासारखी आहेत, कारण त्यांनी बिल उतरतं आणि टँकर टळतो. उन्हाळे तर पुढे वाढतच जाणार आहेत. ज्याचं छप्पर गार राहील त्याच्याच खोल्या मे महिन्यात भरतील.

रोपट्यांच्या बाबतीत मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे. जुलैत पाहुण्याच्या हाताने लावलेलं झाड पुढच्या एप्रिलमध्ये कोण पाणी घालून जगवणार, याची सोय नसेल तर ते लावू नये. आणि जगलं तरी त्याच्या नावावर कारचा प्रवास माफ करून घेऊ नये. पाच कडुलिंब पश्चिमेच्या भिंतीलगत लावले आणि खरंच वाढवले, तर त्यांची सावली छपरावर आणि भिंतीवर पडेल. झाडाची किंमत इथे सावलीत मोजावी.

आता रस्ता. इथे मालक फार थोडं करू शकतो. एका रात्रीऐवजी दोन रात्रींना सवलत देता येते, म्हणजे तोच प्रवास दोन दिवसांवर वाटला जातो. रेल्वेने किंवा एसटीने आलेल्याला स्टेशनवरून आणायची सोय करता येते. अंगणात विजेच्या गाडीसाठी मजबूत जोडणी देता येते. कोळशाच्या विजेवर चार्ज केली तरी ती गाडी किलोमीटरमागे पेट्रोलच्या गाडीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी कार्बन सोडते, आणि दुपारी सौर पॅनेलवर चार्ज झाली तर आणखी कमी. पण पाहुणा गाडी घरी ठेवून कधी येईल? जेव्हा गाडीशिवाय फिरता येईल तेव्हा. मुंबईहून संभाजीनगरला तपोवन, देवगिरी, नंदिग्राम या गाड्या कित्येक वर्षांपासून आहेत, २०२३ च्या डिसेंबरअखेर जालना-मुंबई वंदे भारतही आली. पण पुण्याहून थेट रेल्वेमार्ग आजही नाही, दौंड-अहिल्यानगर-मनमाड असा वळसा घालावा लागतो. बीड शहराला रेल्वे बघायला २०२५ उजाडावं लागलं. तुळजापूरच्या मार्गाचं काम अजून चालू आहे. परळी-वैजनाथला स्टेशन आहे, तसं औंढा नागनाथला नाही. मराठवाड्यात तीन ज्योतिर्लिंगं आहेत आणि भाविक ती तीनही एका फेरीत करू पाहतो, तेव्हा त्याच्यापुढे भाड्याची गाडी हाच सोपा पर्याय उरतो. यात्रेकरूला दोष देण्यात काही अर्थ नाही.

सरकारने मनात आणलं तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवतात आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं. चित्रांना धुराचा त्रास होऊ नये म्हणून हे केलं. कुरकुर झाली असेल, पण लोक गाडी लावतात आणि बसमध्ये बसतात. म्हणजे मराठवाड्यातला पर्यटक बसमध्ये बसत नाही, हे खरं नाही. बस समोर उभी असली की बसतो.

सरकारकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत आणि तिन्ही अवाजवी नाहीत. पहिली, पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला मिळणारं ७८,००० रुपयांचं अनुदान फक्त घरगुती जोडणीला आहे. व्यावसायिक जोडणी घेतलेला सहा खोल्यांचा मालक योजनेबाहेर राहतो. तीन किलोवॅटचे पॅनेल वर्षाला चार हजारांवर युनिटं देतात, म्हणजे तीन टनांच्या आसपास कार्बन वाचतो. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणून या छोट्या मालकांची वेगळी नोंदणी सुरू केलीच आहे, तर त्या नोंदणीवर सौर अनुदान द्यायला अडचण नसावी. मोठ्या हॉटेलांना देऊ नका, ती स्वतःच्या पैशाने बसवू शकतात. दुसरी, पर्यटनाच्या नावाने ज्या ज्या इमारतीला सरकारी पैसा जातो, मग ते भक्त निवास असो की विश्रामगृह, तिथे पांढरं छत आणि पाऊसपाण्याची टाकी ही अट घाला. आज सरकारी निवासांच्याच गच्च्या काळ्या पडलेल्या दिसतात. तिसरी, एसटी. संभाजीनगर स्टेशनवर मुंबईची गाडी येते त्या वेळेला धरून वेरूळ-खुलताबादची बस स्टेशनाबाहेरूनच सुटावी, कारण बसस्थानक वेगळ्या जागी आहे आणि सामान-मुलं घेऊन तिथवर जाणारा माणूस वाटेत टॅक्सीच ठरवतो. परभणी-औंढा-परळी अशी जोडबस असावी. विजेच्या ई-शिवाई २०२२ पासून पुणे-नगर मार्गावर धावू लागल्या, त्यांतल्या काही या यात्रेच्या मार्गांवर आणाव्यात. संध्याकाळची परतीची बस किती वाजता आहे हे प्रत्येक लेणी आणि देवळाच्या दारात मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं, आणि त्या वेळेला ती यावी.